जुन्या जीपमध्ये हेवी ड्यूटी गिअरबॉक्स : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे असेल, पण नाशिक जिल्ह्यात जुन्या जीप अजून पुष्कळ आहेत. कुणाच्या मळ्यात शेडखाली, कुणाच्या वाड्याच्या पडवीत, कुणाची रोज वापरात. त्या मालकांचे फोन आणि मेसेज येतात आणि त्यात तेच ते प्रश्न असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं सीजे-३बी (महिंद्राची जुनी छोटी जीप) आणि तिच्या घराण्यातल्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत.

१. जुन्या जीपचा गिअरबॉक्स मुळात बदलायचा कशाला? चालतोय की.

चालत असेल आणि गाडी गावातून मळ्यापर्यंतच जात असेल, तर बदलू नका. मी मनापासून सांगतोय.

सीजे-३बीमध्ये बोर्ग वॉर्नरचा टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स येतो. पहिल्या गिअरचं प्रमाण २.७९८ (म्हणजे इंजिनचे एवढे फेरे झाले की मागच्या शाफ्टचा एक), दुसऱ्याचं १.५५१ आणि तिसरा थेट १. बॉक्स साधा, दणकट आणि सहज दुरुस्त होणारा आहे. त्याची मर्यादा पहिल्या गिअरमध्ये आहे. खडकाळ चढावर तो तेवढा खाली उतरत नाही, त्यामुळे अर्धा क्लच दाबून गाडी रेटावी लागते. हरसूलकडच्या किंवा अंजनेरीच्या पायथ्याच्या दगडी वाटांवर क्लच प्लेट जळण्याचं मुख्य कारण हेच. तुमचं जाणं-येणं तसल्या वाटांवर असेल तर बदल करण्यात अर्थ आहे.

२. "हेवी ड्यूटी" म्हणजे नेमकं काय? नुसता मोठा बॉक्स?

दोन गोष्टी. एक, दात, शाफ्ट आणि बेअरिंग जाड असतात, म्हणून जास्त टॉर्क सहन होतो. दोन, पहिला गिअर फार खालचा असतो. हे बॉक्स मुळात ट्रक आणि पिकअपसाठी बनवलेले. बोर्ग वॉर्नरच्या टी-९८ चा पहिला गिअर ६.४० चा आहे. जनरल मोटर्सच्या ट्रकांमध्ये १९४७ ते १९६७ या काळात आलेल्या एसएम-४२० चा ७.०५ चा.

हिशेब करून बघा. पहिला गिअर × ट्रान्स्फर केसचा (बॉक्समागचा, पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) लो, म्हणजे खालचा गिअर × एक्सलचं प्रमाण. सीजे-३बीला ट्रान्स्फरचा लो २.४६ आणि एक्सल ५.३८. टी-९० ने गुणाकार येतो ३७. टी-९८ ने जवळजवळ ८५ आणि एसएम-४२० ने ९३. सहा-सोळाच्या टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटर धरला, तर इंजिन ७०० फेऱ्यांवर असताना जुन्या बॉक्सने गाडी ताशी अडीच किलोमीटरने चालते आणि टी-९८ ने ताशी एक किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही गाडीतून उतरून शेजारून चालत चाक कुठल्या दगडावर चढतंय ते बघू शकाल, इतकी हळू. (उतरू नका. वेग कळावा म्हणून सांगितलं.)

३. माझ्या गाडीत सध्या कुठला बॉक्स आहे, हे खोलल्याशिवाय कसं कळेल?

दांडा हलवून बघा. तीन गिअर, रिव्हर्स डावीकडे वर आणि पहिला डावीकडे खाली, असं असेल तर टी-९० च असणार. पुढे चार गिअर असतील, तर महिंद्राचा केएमटी-९० असण्याची शक्यता जास्त. नावात "९०" दोन्हीकडे आहे, पण हे बॉक्स वेगळे आहेत आणि त्यांचे भाग एकमेकांना लागत नाहीत. दुकानात नुसतं "नव्वदचा सिंक्रो" (गिअर करकर न करता पडावा म्हणून असलेली रिंग) मागितला आणि चुकीचा आला, असं नेहमी होतं. पाच गिअर असतील तर बॉक्स आधीच कुणीतरी बदललेला आहे किंवा गाडीच पुढच्या काळातली आहे. नक्की कळायला खाली झोपून कास्टिंगवरचा नंबर वाचा. आधी रॉकेल आणि तारेचा ब्रश लागेल.

४. मग मी कुठला घेऊ?

तीन वाटा आहेत.

टी-९८ किंवा एसएम-४२० यांसारखा अमेरिकी ट्रकचा बॉक्स. दगडी वाटांवर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तो बाहेरून मागवावा लागतो, जहाजाचं भाडं आणि कस्टम भरावं लागतं, आणि उद्या एक शिम किंवा सील लागलं तरी वाट बघावी लागते. ॲडॉप्टरही (बॉक्स गाडीच्या भागांना जुळवणारा मधला तुकडा) तिकडूनच येतो.

केएमटी-९०. चार गिअर, आणि भाग आपल्याकडे मिळतात. द्वारका, वडाळा नाका या पट्ट्यातल्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखालून तो असंख्य वेळा गेलेला आहे. पहिला गिअर ट्रकच्या बॉक्सइतका खाली जात नाही, पण टी-९० पेक्षा फरक लगेच कळतो. बहुतेक लोकांना मी हाच सांगतो.

पुढच्या महिंद्रांमधला पाच गिअरचा बॉक्स. पाचवा गिअर हायवेसाठी. नाशिक-मुंबई वारंवार करणाऱ्यांना याची ओढ असते. याच्यामागचा ट्रान्स्फर केस मात्र वेगळा असू शकतो आणि तिथूनच सगळी गुंतागुंत सुरू होते. त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

५. निफाडच्या काळ्या मातीत गाडी रुतते. हेवी ड्यूटी बॉक्सने निघेल का?

नाही. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत चाक फिरतं, पण पकड नसते. खालचा गिअर टॉर्क वाढवतो, पकड वाढवत नाही. उलट चाक जास्त जोरात फिरवून तुम्ही खड्डा खोल करता. तिथे टायर, हवेचा दाब आणि थोडा वेग यांचं काम आहे. खालचा गिअर मुरमाच्या चढाला आणि खडकाला. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे त्याचा उपयोग, निफाड-पिंपळगावच्या शेतात फारसा नाही. तुम्ही त्या बाजूचे असाल तर हे पैसे आधी टायरवर घाला.

६. जुन्या बाजारातला बॉक्स घेताना काय बघू?

पहिली गोष्ट, ऑइल काढून बघा. बोटावर घेऊन उन्हात धरा. बारीक सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रो रिंगच्या पितळेची, थोडी असणं स्वाभाविक. पोलादाचे चकचकीत कपचे दिसले तर दात फुटलेत. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय आणि बेअरिंगना गंज लागलेला असणार.

मग वरचं झाकण काढायला लावा. विकणारा "नाही" म्हणाला तर घेऊ नका. पहिल्या गिअरच्या दातांची टोकं गोल झालीत का, गिअर सरकवणारा फोर्क जिथे घासतो तिथे किती झिजलाय, क्लच शाफ्ट (बॉक्सच्या पुढून क्लचमध्ये जाणारा) हाताने वरखाली हलवला तर किती हलतो, हे बघा. थोडं हललं तर चालतं, कारण त्याचं टोक क्रँकमधल्या पायलट बुशात आधाराला असतं. खडखडत असेल तर पुढचं बेअरिंग गेलं. बेअरिंग मिळतात, पण शाफ्टची बेअरिंगची जागाच झिजली असेल तर बॉक्स सोडून द्या.

शेवटी कान तपासा. बेल हाउसिंगला (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं आवरण) बोल्ट लागतात ते चार कान. एखाद्याला वेल्डिंग दिसलं तर तो बॉक्स कधीतरी चुकीच्या पद्धतीने बसवलेला आहे. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

७. इंजिन तेच ठेवायचं आहे. बेल हाउसिंगला बॉक्स कसा जुळेल? ॲडॉप्टर प्लेट लेथवर करून घेऊ का?

या कामात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या क्लच शाफ्टचा मध्य एकाच रेषेत हवा. बोल्टची भोकं जुळली म्हणजे मध्य जुळला असं नाही. बॉक्सच्या तोंडाला एक गोल कडं असतं, ते बेल हाउसिंगच्या भोकात घट्ट बसतं आणि तेच मध्य ठरवतं. म्हणून प्लेट करायची तर ते गोल भोक क्रँकच्या मध्याशी जुळवून बोअर करावं लागतं, आणि प्लेटच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर लागतात. अंबडमध्ये हे काम चोख करणारे लेथवाले आहेत. पण त्यांना नुसतं पुठ्ठ्याचं चित्र देऊ नका, हाउसिंग आणि बॉक्स दोन्ही नेऊन द्या.

प्लेट बसवल्यावर तपासणी अशी. फ्लायव्हीलवर चुंबकाच्या स्टँडने डायल गेज लावा. त्याची सुई बेल हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या काठाला टेकवा. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवा, पूर्ण एक फेरा. सुईचा एकूण फरक ०.२५ मिलिमीटरच्या आत यायलाच हवा, निम्म्यावर आला तर उत्तम. जास्त असेल तर डॉवेल पिन (हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) बदलून हाउसिंग सरकवावं लागतं. हेच गेज हाउसिंगच्या सपाट तोंडावर टेकवून पुन्हा एक फेरा घ्या, म्हणजे तोंड तिरकं नाही ना ते कळेल. अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवलेल्या गाड्यांमध्ये पुढे टॉप गिअर सुटतो, पायलट बुश खाल्लं जातं, क्लच प्लेटचा मधला भाग तडकतो, आणि सगळे गिअरबॉक्सला नावं ठेवतात.

आता लांबी. क्लच शाफ्टचं टोक पायलट बुशात पुरेसं शिरलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. चाचांनी (वडाळा नाक्यावरचे आमचे जुने मिस्त्री) शिकवलेली युक्ती सांगतो. क्रँकच्या भोकात तळाशी कणकेचा छोटा गोळा ठेवायचा, बॉक्स पूर्ण जुळवायचा, परत काढायचा. गोळा किती दबलाय ते मोजलं की टोक आणि तळ यांच्यामधली जागा कळते. मोजून झाल्यावर कणीक नीट पुसून काढा, कणभरही आत राहू देऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. बॉक्स आत सरकत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. तो अडतोय म्हणजे स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) जुळलेली नाही किंवा प्लेट मध्यावर नाही. बोल्टने ओढला की कान फुटतो किंवा क्लच प्लेट वाकते. सेंटरिंग शाफ्टने प्लेट पुन्हा मध्यावर घ्या, बॉक्स गिअरमध्ये टाकून मागचा शाफ्ट हाताने जरा फिरवा, मग तो आपोआप सरकतो.

८. जुनीच क्लच प्लेट चालेल?

बहुधा नाही. प्लेटच्या मधल्या भोकातल्या स्प्लाइनची संख्या आणि जाडी नव्या बॉक्सच्या शाफ्टला जुळायला हवी, आणि बाहेरचा व्यास तुमच्या फ्लायव्हील-प्रेशर प्लेटला. ही जोडी तयार मिळत नसेल तर क्लचचं काम करणाऱ्याकडून जुन्या प्लेटला नवा हब (मधला स्प्लाइनचा भाग) बसवून घेता येतो. रिलीज बेअरिंगही नव्या बॉक्सच्या नळीवर बसणारं घ्या. पॅडलला साधारण एक इंच मोकळा खेळ ठेवा. बॉक्स खाली उतरलेलाच असतो, तेव्हा पायलट बुश नवंच टाका.

९. ट्रान्स्फर केस तोच राहील का?

राहू शकत असेल तर राहू द्या. जुन्या जीपमधला ट्रान्स्फर केस म्हणजे डाना (स्पायसर) १८. त्याचं मागचं तोंड मध्यावर नसतं, उजवीकडे सरकलेलं असतं, आणि मागच्या एक्सलचा गोळाही त्याच रेषेत उजवीकडे असतो. खाली वाकून बघितलं की लगेच दिसतं. पुढच्या काळातल्या पाच गिअरच्या बॉक्समागे मध्यावर तोंड असलेला ट्रान्स्फर असेल आणि तो तसाच बसवला, तर मागचा शाफ्ट आडवा तिरका जातो. मग मागचा एक्सलही बदलावा लागतो. तिथून पुढे ते गिअरबॉक्सचं काम राहत नाही, गाडी नव्याने बांधण्याचं काम होतं.

डाना १८ ठेवायचा तर नव्या बॉक्सच्या मेन शाफ्टला ट्रान्स्फरचा गिअर बसेल असा शाफ्ट आणि मधला ॲडॉप्टर लागतो. बॉक्सचं मागचं बेअरिंग ट्रान्स्फरच्या भोकात नेमकं बसतं का तेही मोजा. डाना १८ मध्ये लहान आणि मोठं अशी दोन मापं येतात.

१०. प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्स्फरपासून एक्सलकडे जाणारा) कापावा लागेल?

हो. बॉक्स बदलणं म्हणजे लांबी बदलणं, हे धरूनच चाला. नवा बॉक्स जेवढा लांब, तेवढा ट्रान्स्फर मागे सरकतो. मागचा शाफ्ट तेवढा आखूड करावा लागतो आणि पुढचा वाढवावा लागतो. सीजे-३बीचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच. तिचा मागचा शाफ्ट आधीच आखूड, त्यात अजून चार-पाच इंच गेले की त्याचा उतार फार तीव्र होतो आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) लवकर जातात. लांब व्हीलबेसच्या गाडीला हा त्रास कमी. म्हणून छोट्या जीपला लांब बॉक्स घेण्याआधी टेप लावून हिशेब करा, पैसे नंतर द्या.

माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा चॅसी स्टँडवर होती आणि मागचा एक्सल खाली लोंबत होता. तसंच अंतर मोजलं आणि शाफ्ट तेवढा करून आणला. एक्सल लोंबत असताना अंतर जास्त येतं. गाडी जमिनीवर उतरली, पाटे दबले, अंतर कमी झालं, आणि शाफ्टची सरकती स्लीव्ह जवळजवळ पूर्ण आत गेली. रिकाम्या गाडीत काही जाणवलं नाही. दिंडोरी रस्त्यावर मागे द्राक्षाचे क्रेट भरून येताना एका गतिरोधकावर धाडकन आवाज झाला. स्लीव्ह तळाला टेकून शाफ्टने ट्रान्स्फरच्या मागच्या बेअरिंगची टोपी फोडली होती. रस्त्यावर ऑइलची रेघ दिसत होती आणि क्रेट दुसऱ्या गाडीत भरावे लागले.

तेव्हापासून मी गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी करूनच मोजतो. त्या स्थितीत स्लीव्हला आत जायला साधारण एक इंच जागा ठेवतो. मग भार टाकून पाटे बंप स्टॉपला टेकेपर्यंत दाबून बघतो आणि शेवटी चाक लोंबवून स्लीव्ह बाहेर तर येत नाही ना ते बघतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही योक एका रेषेत. कापून जोडलेला शाफ्ट बॅलन्स करून घ्या.

११. हँडब्रेकचं काय होतं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांना नसतो, ट्रान्स्फरच्या मागच्या तोंडावर एक छोटा ड्रम असतो तिथे असतो. ट्रान्स्फर मागे सरकला की तो ड्रमही सरकतो आणि केबल अपुरी पडते. लोक ती ताणून बांधतात, मग हँडब्रेक अर्धवट लागलेला राहून ड्रम तापतो. केबल लांब करून घ्या. ट्रान्स्फरच बदलत असाल तर हँडब्रेकची दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. सप्तशृंगीच्या घाटात उभी करून बघायची ती गोष्ट नाही. आणि लक्षात असू द्या, हा ब्रेक शाफ्टमधून चाकाला धरतो. मागचा शाफ्ट काढलेला असताना तो काहीच धरत नाही, चाकाला दगड लावा.

१२. स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल का?

डाना १८ तोच असेल तर नाही. केबल ट्रान्स्फरला लागते, गिअरबॉक्सला नाही. फक्त केबलची लांबी बघा.

१३. बाहेरून आणलेल्या बेल हाउसिंगला क्लचचा फोर्क डावीकडे आहे. आपलं पॅडल उजवीकडे.

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, म्हणून असं होतं. एक उपाय म्हणजे आडवा शाफ्ट टाकून ओढ पलीकडे नेणं. पण चॅसी पिळली की क्लच आपोआप थोडा दाबला जातो किंवा सुटतो. मला हायड्रॉलिक बरा वाटतो. पॅडलजवळ मास्टर सिलिंडर, फोर्कजवळ स्लेव्ह सिलिंडर आणि मध्ये पाइप. त्यासाठी फायरवॉलला आतून जाड पत्र्याचा आधार द्या, नाहीतर पॅडल दाबल्यावर पत्राच वाकतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

१४. बॉक्सचा आधार, म्हणजे क्रॉसमेंबर, कुठे वेल्ड करू?

शक्यतो वेल्ड करूच नका, बोल्टने बसवा. बॉक्स पुन्हा खाली उतरवायची वेळ येतेच. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला आडवी वेल्डिंग मारली की पुढे बरोबर तिथेच तडा जातो. उभ्या बाजूला प्लेट लावून बोल्ट घ्या आणि मध्ये रबरी माउंटिंग ठेवा. ट्रकचा बॉक्स जड असतो, त्याचा भार नुसत्या बेल हाउसिंगवर लोंबत ठेवू नका.

१५. नवीन बॉक्सचा पहिला गिअर टाकताना करकर आवाज येतो. खराब निघाला का?

कदाचित नाही. टी-९८ आणि एसएम-४२० यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो. तुमच्या जुन्या टी-९० च्या पहिल्यालाही नव्हता. गाडी पूर्ण थांबवून टाका. चालत्या गाडीत टाकायचाच तर डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलका ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून गिअर.

रोजच्या वापरात पहिला लागतही नाही. टी-९८ चा दुसरा ३.०९ चा आहे, म्हणजे तुमच्या जुन्या पहिल्यापेक्षा थोडा खालीच. सीबीएस ते कॉलेज रोड दुसऱ्यावर सुटून चालवा. आवाज सगळ्याच गिअरला येत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. प्रश्न ७ आणि १३ पुन्हा वाचा.

१६. गाडीचा वेग आणि ॲव्हरेज कमी होईल का?

टी-९८ चा चौथा गिअर थेट १ चा आहे आणि टी-९० चा तिसराही तसाच. त्यामुळे टॉपमध्ये फरक नाही. ताशी ६० ला इंजिन सुमारे २,४५० फेऱ्यांवर, ८० ला ३,२५० च्या आसपास. ॲव्हरेज वाढायला हवं असेल तर ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरवणारा गिअर) असलेला पाच गिअरचा बॉक्स लागेल. तो कसारा घाटात मात्र सारखा चौथ्यावर आणावा लागतो, कारण जुन्या इंजिनात तेवढा जोर नसतो.

१७. एवढा टॉर्क वाढल्यावर एक्सल तुटेल का?

तुटू शकतो. आधी सगळ्यात कमजोर कडी क्लच होती, म्हणून तो जळायचा. आता ती कडी मागे सरकते. क्रॉस, मग मागचा एक्सल शाफ्ट. सीजे-३बीच्या मागच्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं, चाकाचा हब त्यावर किल्लीच्या (खाचेत बसणारा पोलादी तुकडा) आधाराने बसतो. नट सैल राहिला तर आधी किल्ली कापली जाते, मग शाफ्ट. नट पूर्ण टॉर्कने आवळा आणि थोडं चालवून पुन्हा तपासा.

डाना १८ मध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो पडत नाही, अशी आतली अडवणूक असते. ती मागच्या एक्सलला वाचवण्यासाठीच आहे. काही जण ती काढून दोन चाकांवर लो चालवतात. हेवी ड्यूटी बॉक्ससोबत हे कधीही करू नका.

१८. ऑइल कुठलं घालू?

पितळी सिंक्रो असलेल्या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबर. एक्सलसाठी मिळणाऱ्या जीएल-५ मधली काही रसायनं पितळेला त्रास देतात. दुकानदार "सगळ्याला हेच चालतं" म्हणाला तरी डब्यावर वाचा. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरवर बदला. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर यांच्यामधलं सील झिजलेलं असेल तर ऑइल एकातून दुसऱ्यात जातं. म्हणून एकाची पातळी वाढलेली दिसली की दुसऱ्याची लगेच बघा.

पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्यांसाठी : तापलेला बॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला (बॉक्समधली हवा आत-बाहेर जायचं भोक) रबरी नळी लावून ती फायरवॉलवर उंच नेऊन बांधा. स्वस्त काम आहे, आणि त्र्यंबकच्या पावसात यावर बॉक्सचं आयुष्य ठरतं.

१९. पीटीओवर (इंजिनच्या ताकदीने बाहेरचं यंत्र चालवायची जोडणी) आमचा पंप चालतो. तो चालेल का?

डाना १८ च्या मागून निघणारा पीटीओ असेल आणि ट्रान्स्फर तोच राहिला तर चालेल, फक्त त्याचा शाफ्टही प्रश्न १० प्रमाणे आखूड करा. पंप चालवताना मात्र टॉप गिअरच वापरा. खालच्या गिअरवर पंपाला पुरेसे फेरे मिळत नाहीत.

२०. आरटीओची परवानगी लागते का? आरसीवर काही बदलतं का?

आरसीवर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नंबर नसतो. पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं सांगतं, की आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणून बॉक्ससोबत इंजिन बदलणार असाल, इंधन बदलणार असाल, चॅसी कापणार असाल, तर आधी पेठ रोडला आरटीओत जाऊन लेखी विचारा आणि मगच हात लावा. चॅसी नंबर जिथे कोरलाय तिथे ग्राइंडर, वेल्डिंग काहीही नको.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणी वाढवावी लागते आणि गाडी दाखवावी लागते. तेव्हा हँडब्रेक बघतात. बॉक्सचं आणि सुट्या भागांचं बिल जपून ठेवा. भंगारातून घेतला असेल तरी साध्या कागदावर पावती घ्या.

२१. माझी जीप पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे. विंटेज नोंदणी करायची होती. गिअरबॉक्स बदलल्यावर होईल का?

२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात असलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली खासगी गाडी विंटेज ठरते. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांसारख्या कामापुरतीच ती रस्त्यावर येते.

त्या यादीत गिअरबॉक्सचं नाव नाही. तरी "मूळ रूप" ही अट आहे आणि मजला कापलेला, दांडा दुसरीकडे गेलेला तपासणाऱ्याला दिसणारच. तुमचा खरा विचार विंटेज नोंदणीचा असेल तर बॉक्स बदलू नका, टी-९० च चांगला दुरुस्त करा. हरसूलच्या वाटेवर न्यायची असेल तर विंटेजचा नाद सोडा. एकाच गाडीकडून दोन्ही मागू नका.

२२. काम किती दिवसांचं आहे?

सगळे भाग हाताशी असतील तर दोन माणसांचं चार-पाच दिवसांचं. पण तसं क्वचित होतं. बॉक्स आला की लोक उत्साहाने गाडी खोलतात, मग कळतं शाफ्ट जुळत नाही, हब नाही, ॲडॉप्टर अजून यायचाय. गाडी चार महिने जॅकवर राहते आणि उंदीर वायरिंग खातात. बॉक्स, ॲडॉप्टर आणि क्लच खाली जमिनीवर जुळवून झाल्याशिवाय गाडीचा एकही बोल्ट काढू नका. खर्चाचंही असंच. बॉक्सच्या किमतीकडे बघून बजेट करू नका. लेथ, शाफ्ट, क्लच, माउंटिंग, केबल हे मिळून बॉक्सपेक्षा जास्त होतं.

२३. जुना टी-९० विकून टाकू का? घ्यायला माणूस तयार आहे.

विकू नका. उद्या नवा बॉक्स बिघडला, गाडी मुलाच्या नावावर गेली आणि त्याला ती मूळ रूपात हवी झाली, तर टी-९० तुमच्याच गाडीचा असणं महत्त्वाचं आहे. आतलं ऑइल काढून नवं घाला आणि शाफ्ट हाताने फिरवून सगळ्या दातांना लावा. दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्याने किंवा जाड प्लास्टिकने बंद करा. बाहेरून ग्रीसचा हात द्या, गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवा, जमिनीवर नको. त्याचा क्लच हब, जुना शाफ्ट आणि काढलेले बोल्ट एका डब्यात भरून शेजारीच ठेवा आणि डब्यावर गाडीचा नंबर लिहा. दर पावसाळ्यानंतर एकदा गोणपाट सोडून शाफ्ट चार फेरे फिरवा.